भैयालालच्या नावाची खोली

हायवेच्या ढाब्यावर ट्रकवाले मैनाबाईला खडूस म्हणत. निरोध नाही तर धंदा नाही, असा तिचा खाक्या. दुप्पट पैशांची लालूच दाखवणाऱ्यालाही ती पिटाळून लावी. दुर्गहून निरोध वाटायला येणाऱ्या वसुंधराताई बाकीच्या बायांना तिचंच उदाहरण देत.

ताईंना भैयालाल ठाऊक नव्हता. मैनाबाईचा नवरा कारखान्यात कामावर उंचावरून पडून मेला. ठेक्याचा मजूर, तेव्हा विधवेला नोकरी कुठली! आणि एकट्या बाईला खोली देणारा घरमालक खुर्सीपारच्या कामगार वस्तीत अजून जन्मायचा होता. त्याच कारखान्यात पक्क्या नोकरीत असलेल्या भैयालालनं आपल्या नावावर खोली घेतली, तिला हिरव्या बांगड्या भरल्या, घरमालकिणीला 'माही बायको' म्हणून सांगितलं. लग्नाची बायको गोंदियाकडे गावी होती. तरी मैनाबाई त्याच्या नावाचं कुंकू लावी. एकदा तिनं भीत भीत निरोध पुढे केला, तर तो भडकला.

"मी का गिऱ्हाईक आहो काय तुहा? खोली खाली कर मंग!"

ती वरमली. त्या ढाब्यावरच्या सगळ्याच बाया असं मानत, की कुंकवाच्या धन्याला निरोध द्यायचा नसतो. शहाण्या बाया, पण इथं हमखास फसत.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात तिचा ताप हटेना. ताईंनी रक्त तपासून घेतलं. एड्स निघाला.

आपणच धंद्यातून रोग आणून भैयालालला लावला, असं वाटून ती रडत घरी आली आणि तिनं त्याचे पाय धरले. तो जेवत होता. भात कालवणं त्यानं थांबवलं नाही.

"रडून कावून राहिली? मले माहीत आहे. भावाच्या आपरेशनले नागपूरले रक्त द्याले गेलतो, तवाच डॉक्टरनं सांगतलं. दोन वर्सं झाले."

"मंग मले कावून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त जवळ येऊ देल्लं असतं काय तू?"

तिनं हळूच विचारलं, "अन् गावची?"

"तवापासून तिच्या अंगाले हात नाही लावला. लेकरायची माय आहे थे."

मैनाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. ताट उचलून त्याच्या तोंडावर मारावं, असं तिला वाटलं. तेवढ्यात घरमालकीण गिरजाबाई दारात आली.

"कायचं रडणं चालू आहे वं? भैयालालजी घरी आहेत ना?"

"आहेत. जेऊन राहिले," मैनाबाई म्हणाली. तिनं डोळे पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि त्याला आणखी भात वाढला.