बिनदाराची कपाटं

नागुलवाडीच्या वाचनालयात पुस्तक मागायचं तर आधी चिठ्ठी लिहावी लागायची. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि कपाटाचा नंबर. आता गंमत बघा. पुस्तकं सगळी काचेच्या कपाटांत, कपाटांना कुलपं, आणि कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे ज्या वहीत लिहिलेलं, ती वहीसुद्धा पाच नंबरच्या कपाटात, कुलपाआड. म्हणजे पुस्तक मागायला ते आधी माहीत पाहिजे, आणि माहीत व्हायला ते आधी मागितलं पाहिजे. असला कारभार एकोणीस वर्षं चालला होता आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. म्हातारी माणसं सकाळी यायची, पेपर वाचायची, राजकारणावरून भांडायची आणि जेवायच्या वेळेला घरी जायची.

ग्रंथपाल निखतलासुद्धा पहिली दोन वर्षं वावगं वाटलं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. निखत म्हणजे वजीर टेलरची थोरली लेक. लग्नानंतर दीड वर्षात माहेरी परत आली, ती परत गेलीच नाही. मग येरमाळ्यापर्यंत जीप आणि तिथून एसटी असं करत धाराशिवला जाऊन तिनं ग्रंथालयाचा सहा महिन्यांचा कोर्स केला, आणि तीनदा अर्ज करून ही खुर्ची मिळवली. जी तोंडं तिला ‘वजीरची माघारी आलेली पोरगी’ म्हणायची, ती आता ‘मॅडम’ म्हणायला लागली होती. त्या एका शब्दासाठी ती दुसरं काहीही सोसायला तयार होती.

तर एका दुपारी तुळजाबाई आली. सात शेळ्यांची मालकीण, वय साठीच्या पुढं, शिक्षण चौथी. आठवड्यात तिच्या दोन शेळ्या पोट फुगून मेल्या होत्या.

"शेळ्यांच्या दुखण्याचं पुस्तक हाय का गं तुज्याकडं?"

"चिठ्ठी लिहा, मावशी. पुस्तकाचं नाव काय?" निखतनं सवयीनं विचारलं.

"नाव मला कसं ठावं आसंल? म्या कदी बगितलंय का त्येला? तू बगितलंयस, तू सांग."

निखतनंही बघितलं नव्हतं. दोन नंबरचं कपाट तिनं वर्षातून एकदा, तपासणीच्या आधी, बाहेरून पुसण्यापलीकडं काही केलं नव्हतं. तिला एवढी शरम वाटली की कान गरम झाले. तिनं किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तुळजाबाईला टेबलाच्या अलीकडं घेतलं. तिथवर आजवर कुठलाच वाचक आला नव्हता.

शेळ्यांवर तीन पुस्तकं निघाली. तिन्हींची पानं एकमेकांना चिकटलेली, कुणी कधी उघडलीच नव्हती. तुळजाबाईनं एक उघडलं आणि उभ्याउभ्याच बोट फिरवत, अक्षर लावत वाचायला लागली. मग शेजारच्या फळीवरचं एक जाडजूड घेतलं, त्यात राजाराणीच्या गोष्टी होत्या. मग आणखी एक. पाऊण तास झाला तरी बाई हलेना. शेवटी तिनं वळून निखतकडं बघितलं, आणि त्या बघण्यात कौतुक नव्हतं, राग होता.

"येवढं हुतं हितं? आन आमाला कुनी बोललंबी न्हाय?"

दुसऱ्या दिवशी निखतनं गोरोबा सुताराला बोलावलं आणि सहाच्या सहा कपाटांची दारं काढून घेतली.

आधी गोरोबा तयार नव्हता. "मॅडम, ह्या दारांवर आण्णांचं नाव हाय," असं तो चारदा म्हणाला. खरंच होतं ते. प्रत्येक काचेवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, ‘कै. बलभीमराव आण्णा यांच्या स्मरणार्थ’. वाचनालयही त्यांच्याच नावाचं आणि अध्यक्ष त्यांचे चिरंजीव, अमरसिंहकाका. निखतनं दारं स्वतः पुसली, पोत्यांत गुंडाळली आणि मागच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली. अमरसिंहकाका गावाबाहेर मळ्यात राहायचे आणि वर्षातून दोनदाच इकडं यायचे, झेंड्याला आणि तपासणीला. झेंडा होऊन गेला होता आणि तपासणीला अवकाश होता.

मग जे झालं ते तिलाही झेपेना. नुसतं फळीपुढं उभं राहायला मिळतंय, पुस्तक हातात घेऊन परत ठेवलं तरी कुणी ओरडत नाही, एवढ्यानं लोक येऊ लागले. निखतनं प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली; काका त्या ग्रुपवर नव्हते. ज्या बायकांना घराबाहेर पडायला सवड नव्हती, त्या फोटोवर बोट ठेवून निरोप धाडायच्या, हे पाठव. चार पुस्तकांचं एक कार्ड, मुदत पंधरा दिवस, असा वाचनालयाचा नियम एकोणीस वर्षांपासून पाटीवर होताच. तो आता पहिल्यांदा कामाला लागला. दोन महिन्यांत तीन पुस्तकं फाटली. तिन्ही निखतनं खळ लावून चिकटवली.

तपासणी शुक्रवारी ठरली आणि मंगळवारी सकाळी अमरसिंहकाका आले. उंबऱ्यात उभे राहिले ते तसेच. कपाटांकडं बघत होते, पण त्यांना पुस्तकं दिसतच नव्हती. त्यांना दारं नसलेली दिसत होती.

"माझ्या बापाचं नाव कुठंय?"

निखतनं त्यांना मागच्या खोलीत नेलं, पोती सोडून दाखवली. एकाही काचेला ओरखडा नव्हता. त्यानं काकांचा राग आणखीच वाढला. दारं फुटली असती तर बोलायला सोपं गेलं असतं.

"कुणाला विचारून काढलीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, काका."

"आण्णांनी स्वतःच्या शेतातलं सागवान तोडून ही कपाटं केली, निखत. तालुक्यात असली कपाटं न्हाईत. पुस्तकं जपायची असतात. कुणीबी हाताळायला ही काय बाजारातली वांगी हायत?"

म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि हेच अवघड होतं. निखत म्हणाली, "जपलेल्या पुस्तकांना वाळवी लागलीय, काका. पाच नंबरच्या कपाटात बघा. कुलूप शाबूत होतं, तरी लागली."

काकांनी बघितलं नाही. एकेक शब्द मोजून बोलले, "गुरुवारी सकाळी मी गोरोबाला घेऊन येतो. दारं लागतील, पुस्तकं आत जातील, किल्ल्या माझ्याकडं राहतील. शुक्रवारी तपासणीच्या साहेबाला सगळं जिथल्या तिथं दिसलं पाहिजे. हे जमत नसंल तर राजीनामा लिहून ठेव, मी दुसरं माणूस बघतो."

निखत घरी गेली तेव्हा तिची आई हमिदाबी भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून तिनं परातीतला हात थांबवला.

"लगा दे ना दरवाजे. तेरे बाप के हैं क्या कपाट? नौकरी जाती देख तेरी."

"जाऊ दे," निखत म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडू आलं. जाऊ दे म्हणणं सोपं होतं. उद्या पुन्हा वजीरची माघारी आलेली पोरगी व्हायचं, बापाच्या दुकानात बसून काजं-बटणं करायची, आणि येताजाता त्या कुलपांकडं बघायचं. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचाच राग येत होता. डोळे पुसता पुसता तिच्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला. पुस्तकं एकूण अकराशे सेहेचाळीस. एका कार्डावर चार. उद्या बुधवार, म्हणजे गावचा बाजार. तिनं फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं: ‘गुरुवारपासून पुस्तकं कुलपात जाणार. ज्याला वाचायचंय त्यानं उद्याच न्यावीत. कार्ड नसलं तर तिथंच काढून देईन.’

पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

बुधवारी आठ वाजता ती कुलूप उघडायला गेली तर पायऱ्यांवर तुळजाबाई बसलेली, आणि तिच्यासोबत गल्लीतल्या अकरा बाया. "कुटंय गं कार्ड?" तुळजाबाईनं विचारलं. "ह्या समद्यांचं काढ. वाचाय येत न्हाय तिला तिची नात वाचून दाखवती."

दहा वाजेपर्यंत रांग चावडीपर्यंत गेली. भाजी घ्यायला आलेले पिशवीत कांद्यावर पुस्तकं ठेवून निघाले. ढोकीच्या साखर कारखान्यावर ट्रॅक्टर घेऊन चाललेला एक गडी ट्रॅक्टर चालू ठेवूनच आत आला आणि म्हणाला, कसलीबी चार द्या, पण भुताचं एक पाहिजेच. एका सासूनं सुनेसाठी स्वयंपाकाचं पुस्तक मागितलं आणि सुनेनं मागून हळूच तीन वेगळीच काढली. निखत नावं लिहीत होती आणि तिचं मनगट दुखायला लागलं होतं. अकराच्या सुमारास हमिदाबी आली, लेकीकडं न बघता टेबलापाशी बसली आणि तारखेचा शिक्का हातात घेतला. तिला अक्षरओळख नव्हती, त्यामुळं पहिले वीस-पंचवीस शिक्के उलटे पडले. निखतनं ते तसेच राहू दिले.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी काम संपलं. दोनशे शहाऐंशी कार्डं झाली होती. फळ्या रिकाम्या झाल्या होत्या.

गुरुवारी नऊ वाजता अमरसिंहकाका मळ्यातनं थेट आले, कालचं काही कानावर न येता. मागं हत्यारांची पिशवी घेऊन गोरोबा, आणि काकांच्या हातात सहा नवी कुलपं. आत पाऊल टाकलं आणि ते एकेका कपाटापुढून फिरले. सहा कपाटं, तीस फळ्या, सगळ्या मोकळ्या. रिकामी दिसल्यावर खोली केवढी मोठी वाटत होती.

"पुस्तकं कुठंयत?"

"वाचायला गेलीत."

"सगळी?"

"पाच राहिलीत. वाळवीची. ती द्यायची लाज वाटली."

गोरोबानं तोंड फिरवलं. त्याच्या पाठीकडं बघून कळत होतं की तो हसतोय. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आजच्या आज परत गोळा करून आण. गल्लोगल्ली माणूस फिरव."

"तसं करता येत न्हाय, काका. मुदत पंधरा दिवसांची हाय. ही पाटी बघा, खाली तुमचीच सही हाय. मुदतीच्या आत कुणाकडनं पुस्तक काढून घ्यायचा अधिकार ग्रंथपालाला न्हाय. अध्यक्षालाबी न्हाय."

"मला नियम शिकवतीस? मी तुला आत्ता ह्या खुर्चीवरनं उठवतो."

काल दिवसभर जी नावं निखतनं लिहिली होती, ती सगळी समोरच्या वहीत होती, आणि त्या वहीवर तळहात टेकल्यावर तिचा आवाज शाबूत राहिला.

"उठवा. पण लेखी द्या, काका. आन कारण लिहा, हिनं लोकांना पुस्तकं वाचायला दिली. खाली सही करा. ते पत्र मी चावडीवर लावते."

हातातली कुलपं काकांनी टेबलावर ठेवली, ती एकावर एक वाजली. ते बोलले तेव्हा आवाज अध्यक्षाचा राहिला नव्हता. "आण्णांचं नाव तू गावातनं पुसायला निघालीस, पोरी. एवढं काय वाकडं केलं हुतं त्यांनी तुझं?"

हे मात्र निखतला लागलं. तिनं वाळवीच्या पाचांतलं एक पुस्तक उघडलं आणि त्यांच्यापुढं धरलं. पहिल्या पानावर जांभळा गोल शिक्का होता, ‘बलभीमराव आण्णा सार्वजनिक वाचनालय’.

"प्रत्येक पुस्तकात हा हाय, काका. दारावरचं नाव एकोणीस वर्षं कुणी वाचलं न्हाय, कारण दारापाशी कुणाला येऊच दिलं न्हाय. कालच्या एका दिवसात हे नाव दोनशे शहाऐंशी घरांत गेलंय. ज्या घरांत आण्णा हयातीत कधी गेले नसतील, त्याबी घरांत गेलंय. आता तुम्हाला ते परत आणून कुलपात घालायचं असंल तर ही वही घ्या, आन तुम्ही जा. घर लागंल तसं दार वाजवा आन म्हणा, आण्णांचं पुस्तक परत द्या. बघू कोण देतंय."

तिनं वही उचलून त्यांच्यापुढं ठेवली. काकांनी ती उघडली. चष्मा लावला. आधी नुसती पानं उलटली, मग बोट ठेवून एकेक नाव वाचायला लागले. वाचता वाचता एका नावापाशी थांबले आणि निखतकडं बघितलं. आरोही, अमरसिंहांची सून, चार पुस्तकं. काकांनी पान उलटलं. गोरोबा कधीचा खाली बसून बिडी शोधत होता.

शेवटी काकांनी वही मिटली आणि रिकाम्या फळ्यांकडं बघितलं.

"आन उद्या साहेब येणार. त्यांना काय दाखवू? ह्या मोकळ्या फळ्या?"

उंबऱ्यावर एक बाई येऊन उभी राहिली होती, कडेवर पोर, काल पुस्तक मिळालं नाही म्हणून नाव लावायला आलेली. निखतनं वही आपल्याकडं ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"गाव दाखवा, काका," ती म्हणाली. "नाव काय ताई तुमचं?"