राखणीचा बोकड आणि चिमूटभर अंगारा

"हलला! हलला रे!"

देवळापुढची गर्दी मागे सरली. केळीच्या पानावर राखणीच्या, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला दरसाल देतात त्या बोकडाच्या मांडीचा तुकडा होता, नुकताच कापलेला, अजून ऊन. मोरू भगतानं अंगारा टाकला आणि तुकडा थडथड उडायला लागला!

"मेल्या बोकडात जीव घातला मी! ही पोर काय, दिवस मावळायच्या आत उठून बसंल!"

पोर म्हणजे आमच्या वाडीतल्या हैबतीची आवडी. रात्री जमिनीवर झोपलेली. पहाटे पोटात कळा आल्या, मग पापण्या मिटल्या, आता थुंकीही गिळवेना. मण्यार चावली असणार, तिच्या दातांच्या खुणा धड दिसतही नाहीत. मी वाडीच्या शाळेचा मास्तर, दवाखान्यात न्या म्हणून सकाळपासून घसा फोडत होतो. राखणीला आलेल्या मुंबईकरांची जीप खाली उभी, आणि बाप जागचा हलेना.

"मास्तर, मेलेलं मांस हललं. माझी पोर तर जिती हाय."

मी पानावरचा अंगारा बोटावर घेऊन चाटला. खारट!

आमच्याकडे राखणीचा देवाचा वाटा अळणी. मीठ पडतं ते घरी, टोपात, मांस गार झाल्यावर. ऊन मांसावर मीठ टाकलेलं वाडीत कुणी पाहिलंच नव्हतं. या लबाडानं तेवढं हेरून अंगाऱ्यात मीठ कालवलं होतं.

"शकू, मीठ आण! पळ!" आवडीची आई धावली.

"देवाला मीठ चालत नाय!" मोरू किंचाळला.

"मग तुझ्या अंगाऱ्यात कसं चाललं रे?"

मी दुसरा ऊन तुकडा पुढे केला. "हैबती, तूच टाक." त्यानं चिमूटभर मीठ टाकलं. तुकडा तस्साच उडाला.

"आता तू भगत झालास का? अरे, मांस म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या. सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे दिसतात, एक गडद, एक फिका. आत जाड धागे नि बारीक धागे, असे." मी दोन हातांची बोटं एकमेकांत घातली. "जाड धागे बारकांना आत ओढतात. धागा आखूड होत नाही, नुसता सरकतो, आणि मांस आखडतं. ताज्या मांसात त्याची ताकद थोडा वेळ उरते, मीठ तिला चेतवतं. त्यात जीव कसला?"

"मग आवडी?"

"तिचे धागे धड आहेत. मेंदूचा निरोप विषानं अडवलाय. छातीला पोचायचा थांबला की श्वास थांबेल. कळतंय का तुला?"

हैबतीनं पोरीला उचललं आणि उतारानं जीपकडे धाव घेतली.

महाड यायच्या आधीच जीपमध्ये आवडीचा श्वास थांबला. शकूनं हंबरडा फोडला. मी पोरीच्या तोंडाला तोंड लावून फुंकत राहिलो. महाडच्या दवाखान्यात विषावरचं इंजेक्शन दिलं, घशात नळी घातली आणि तिला श्वास देणारा हवेचा फुगा बापाच्या हाती दिला. तो रडत रडत दाबत राहिला. त्याचे हात सुजले तेव्हा मी दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडीची पापणी हलली. हैबतीनं माझा दंड धरला. त्याच्या डोळ्यांत आनंद नव्हता, भीती होती.

"मास्तर, ह्ये खरं ना? का त्या मांसागत?"

"तूच विचार की तिला."

"आवडे, डोळा उघड गो."

तिनं उघडला. बापाकडे पाहिलं.

नुकत्याच कापलेल्या ऊन मटणाला मीठ लावून बघा, जरूर बघा, पोरांनाही दाखवा. पण पोर गळून पडली तर आधी गाडी काढा, बाबांनो. भगताला सवडीनं भेटता येईल.