पंपापाशी थांबलेली एलियाना

मित्रांनो, मी एक आगीचा बंब आहे, आणि आता बराच थकलो आहे. माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या लोकांनी मला पुष्कळ वर्षं राबवलं आणि म्हातारा ठरवून जहाजावर चढवलं. मी उतरलो तो थेट दक्षिण चिलीतल्या एका बेटावर, पुंता अरायान नावाच्या गावात. धक्क्यावर बँड वाजला. पाद्रीबाबांनी माझ्यावर पाणी शिंपडलं. एवढं कौतुक मी नवा असतानाही झालं नव्हतं.

या गावात बंबावर काम करणाऱ्यांना पगार नसतो. कोणी मासळी विकतो, कोणी होडी दुरुस्त करतो. भोंगा वाजला की हातातलं टाकून सगळे माझ्याकडे धावत सुटतात. आमचे कप्तान बाहामोंदे सुतार आहेत, त्यांच्या मिशीत कायम भुसा असतो. आणि माझी चावी असायची म्हाताऱ्या उर्बानोकडे. मला चालवायचं, माझा पंप सांभाळायचा, हे काम त्याचं.

एलियाना चिग्वाय या केस कापणाऱ्या बाईने बंबावर काम करायला कप्तानांकडे नाव दिलं, तेव्हा गावात हशा पिकला. तिच्या शेजारच्या घरातला एर्वीन तर तिला रोज टोमणे मारायचा.

"काय गं, आगीचेसुद्धा केस कापणार का?"

"आधी तुझे कापते. डोकं जरा हलकं होईल," ती म्हणायची.

तोंडाने ती अशी तिखट होती, पण सरावाच्या दिवशी मी तिला रडताना पाहिलं. धुराने भरलेल्या खोलीत मास्क लावून शिरायचं होतं. ती शिरली आणि लगेच मास्क उपटून बाहेर पळाली. पुन्हा गेली, पुन्हा पळाली. तिसऱ्यांदा कप्तानांनीच तिला अडवलं.

"राहू दे, पोरी. तू उर्बानोच्या हाताखाली पंप शीक."

"म्हणजे मी बाहेरच उभं राहायचं?"

"आत जाणाऱ्याचा जीव बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतो. तिथे मला भरवशाचं माणूस लागतं."

तिला वाटलं, कप्तान आपली समजूत काढताहेत. तरी ती दर शनिवारी येत राहिली. ती मला धुवायची, माझ्या झडपांना तेल द्यायची. माझ्या पाण्याच्या टाकीवर एक मीटर आहे. त्याचा काटा अधूनमधून अडकायचा. उर्बानोने नवा मागवला होता, तो काही आला नव्हता. "याच्यावर डोळे मिटून विसंबू नकोस," तो तिला बजावायचा. टाकीचा पत्रा पुसता पुसता एलियानाच्या आपसूक ध्यानात आलं, की पाणी असतं तिथवर पत्रा गार आणि ओलसर लागतो, त्याच्या वर कोरडा. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

मग तो ऑगस्टमधला, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातला दिवस उजाडला. सकाळपासून उत्तरेचा वारा सुटला होता. उर्बानो डॉक्टरांना दाखवायला पलीकडच्या किनाऱ्यावर गेला होता आणि वाऱ्यामुळे बोट बंद झाली होती. दुपारी गावातली वीज गेली. पाठोपाठ भोंगा वाजला. वीज नसली की तो हाताने फिरवतात, त्यामुळे त्याचा आवाज आजारी जनावरासारखा येत होता.

एलियाना गळ्यातला ॲप्रन न काढताच धावत आली. कप्तान आणि त्यांचा जोडीदार कोट चढवत होते.

"उर्बानो नाही. चालवशील?" कप्तानांनी विचारलं.

"चालवते." चावी तिने एका झटक्यात फिरवली.

आग तिच्याच गल्लीत लागली होती, एर्वीनच्या घराला. शेगडीच्या धुराड्यातून ती छपरात शिरली होती. वाऱ्याने जळक्या फळ्या उडून शेजारच्या घरांवर पडत होत्या, आणि त्यात एलियानाचं घरही होतं. एर्वीन रस्त्यावर नुसत्या मोज्यांनिशी उभा होता.

"आई आत आहे! माडीवर झोपली होती!"

त्याची आई म्हणजे ओदिलिया आजी. पायांनी अधू, कानांनी बहिरी. कप्तान आणि त्यांचा जोडीदार पाण्याचा पाईप घेऊन आत शिरले. एलियानाने रस्त्यालगतच्या नळखांबाला पाईप जोडून झडप उघडली. नुसती हवा फुसफुसली. विजेबरोबर गावाचं पाणीही गेलं होतं. शेजारच्या गावचा बंब निघाला होता, पण वाटेत झाड पडलं होतं. आता माझ्या पोटात होतं तेवढंच पाणी.

मित्रांनो, आगीशी लढताना धीर लागतो. पण दुसरं कोणी आत लढत असताना बाहेर उभं राहायला किती धीर लागतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. एलियाना पंपापाशी उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या घराच्या खिडकीचा पडदा पेटला. एक शेजारीण ओरडली, "अगं, तुझं घर! तिकडे मार की पाणी!" एलियानाने मान वळवून पाहिलं. दातांखाली ओठ दाबला. पण आतल्यांचं पाणी तिने तोडलं नाही.

मीटरचा काटा अर्ध्यावर होता. जरा वेळाने पाहिलं, तरी अर्ध्यावरच. तिने हातमोजा काढला आणि माझ्या टाकीवर तळहात टेकवला. कोरडी. हात खाली सरकवला. कोरडी. पार तळाशी, जिथे वाकावं लागतं, तिथे तिच्या बोटांना गारवा लागला.

आत दोन माणसं आगीच्या मधोमध होती, आणि हातातला पाईप कोरडा पडणार आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

तिने पंपाचा जोर कमी केला, म्हणजे उरलेलं पाणी थोडं जास्त पुरेल. मग माझ्या केबिनचं दार उघडून तिने हॉर्नकडे हात नेला. तीन लांब हॉर्न म्हणजे असाल तसे बाहेर या.

एर्वीनने तिचं मनगट धरलं. "वाजवू नकोस! ते निघून येतील! आईला कोण आणणार?"

"पाणी संपतंय, एर्वीन."

"काटा अर्ध्यावर आहे, मला दिसतोय! तू घाबरलीस! तू पहिल्यापासून भित्रीच!"

"हो, घाबरले आहे," ती म्हणाली, "सोड हात." आणि हिसडा देऊन तिने हॉर्न दाबला.

तेवढा मोठा आवाज मी आयुष्यात कधी काढला नसेल. एकदा, दोनदा, तीनदा. दारातून नुसता धूर येत होता. पाईप लुळा पडत चालला. एर्वीन रस्त्यावर गुडघे टेकून तिला शिव्या देत होता, आणि ती त्या ऐकत दाराकडे पाहत उभी होती.

तेवढ्यात धुरातून कप्तानांची पाठ दिसली. ते ओणवे होऊन मागे सरकत कोणाला तरी ओढून आणत होते. आत ते दोघे माडीभर आजीला शोधत होते, आणि ती बिचारी सरपटत केव्हाच खाली आली होती. हॉर्न ऐकून दोघे भिंतीच्या कडेने परतले, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराआड ती त्यांच्या पायात आली. आजी खोकत होती. म्हणजे जिवंत होती.

ते रस्त्यावर आले आणि माझा पंप कोरडा घरघरला. थोड्याच वेळात माडी खाली कोसळली.

एलियाना माझ्या चाकाशी बसली. कप्तान तिच्या शेजारी टेकले.

"काटा तर अर्ध्यावर आहे. तुला कळलं कसं?"

तिने नुसता तळहात दाखवला. कप्तानांनी उठून आपला तळहात माझ्या टाकीवर टेकवला.

दुसरा बंब पोचला तोवर एर्वीनचं आणि शेजारची दोन, अशी तीन घरं गेली होती. त्यातलं एक एलियानाचं. सगळं वाचलं असं मी तुम्हाला खोटं कशाला सांगू?

वसंतात तिने सगळ्यांसमोर बंबाच्या पथकाची शपथ घेतली. ॲप्रनऐवजी अंगात कोट होता, बाह्या लांब होत्या. आजी खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती, नेमकं काय चाललंय ते ऐकू येत नसतानाही.

मित्रांनो, माणसं माझी वाखाणणी करतात, मला हार घालतात. पण मी म्हणजे पत्रा आणि चार चाकं. भोंगा वाजल्यावर कोणी धावत आलं नाही, तर मी जागचा हलूही शकत नाही. तुमच्याही गावात माझा कोणी भाऊबंद उभा असेल. त्याच्या अंगावर धूळ बसू देऊ नका, त्याला वाट द्या, आणि मोठे झालात की एखाद्या शनिवारी त्याच्याकडे डोकवा.

आमच्याकडे परवाच्या शनिवारी एक जण आला. हातात बादली, खांद्यावर फडकं. दाराशीच घुटमळला. एलियानाने वर पाहिलं. एर्वीन होता. त्याने बादली खाली ठेवली.

"कुठून सुरुवात करू?" शेवटी त्याने विचारलं.

"चाकांपासून," ती म्हणाली आणि थोडी बाजूला सरकली.