बुधवार सकाळचा टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, आणि तोही फ्रान्सचा! आता फ्रान्सचा टीव्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या एका बेसमेंटमध्ये इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून काय करत होता, असं तुम्हाला वाटेल. हसू येत असेल तर हसा खुशाल. कित्येक वर्षांत माझ्याकडे बघून कुणी हसलेलंसुद्धा नाही.

लिऑन शहरातल्या एका दुकानात मला मांडलं, तेव्हा शेजारी दुरुस्तीला आलेला एक म्हातारा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. तो सांगायचा, "आमच्या वेळी मुलांना आठवड्यातली मधली सुट्टी गुरुवारी असे. एरवी संध्याकाळी बाहुल्या यायच्या, छोटीशी गोष्ट सांगायच्या आणि मुलांना झोपायला पाठवून निघून जायच्या." पुढे ती सुट्टी बुधवारी आली, आणि मुलांचे कार्यक्रमही तिच्या मागोमाग बुधवारी आले. माझ्या वेळेपर्यंत तर त्यांनी अख्खी सकाळच बळकावली होती. हसरी निवेदिका, बाहुल्या, गाणी, खेळ आणि मधे मधे जपानी कार्टून्स! म्हातारा नाक मुरडायचा. मला मात्र ती जत्रा फार आवडायची.

मला घरी नेलं हेमचंद्रराव आणि रेखाबाई या नागपूरच्या जोडप्यानं. हेमचंद्रराव ट्रकच्या कारखान्यात इंजिनिअर होते. ते सकाळी जायचे ते संध्याकाळीच यायचे. रेखाबाईंना फ्रेंचचा गंध नव्हता. दिवसभर बोलायला कोण, तर चार वर्षांची अनया. बिचाऱ्या रेखाबाई कधी कधी खिडकीशी उभ्या राहून रडायच्या, ते फक्त मी पाहिलंय.

पण बुधवारी सकाळी दोघी मायलेकी दुधाचे पेले घेऊन माझ्यासमोर बसत. अनया कार्टून बघे आणि रेखाबाई भाषा शिकत. निवेदिका जे म्हणेल ते त्या मोठ्यानं म्हणत, हातवाऱ्यांसकट! त्यामुळे पावाच्या दुकानातल्या बाईंनाही त्यांनी एकदा दोन्ही हात हलवून, बाहुलीच्या सुरात, "काय बालमित्रांनो, मजेत ना?" असं विचारलं. बाई पोट धरून हसल्या, पण त्या दिवसापासून बोलायला लागल्या. परक्या गावात रेखाबाईंशी आधी मी बोललो, मग गाव बोललं. याचा मला आजही अभिमान वाटतो.

मग मिशिगनची नोकरी आली. टीव्ही कशाला नेता, असं सगळे सांगत होते. हेमचंद्रराव म्हणाले, "व्होल्टेजचाच प्रश्न ना? ट्रान्सफॉर्मर लावू. इंजिनिअर माणूस आहे मी." अति शहाणा त्याचा बैल रिकामा! नोव्हायला पोचल्यावर नवे मित्र चिवडा खायला जमले, मला थाटात सुरू केलं, आणि माझ्या तोंडावर नुसत्या मुंग्या. एक मित्र म्हणाला, "अरे यार, अमेरिकेत सिग्नलच वेगळा असतो! तू चेक नाही केलंस?" हेमचंद्रराव त्या दिवशी चिवडा न खाताच उठले.

रेखाबाईंनी मात्र बुधवारच्या सकाळी कॅसेटवर उतरवून ठेवल्या होत्या, आणि फ्रान्सचा व्हीसीआरही माझ्याबरोबर आला होता. त्यामुळे मला जुने बुधवार तेवढे दाखवता येत. इथे बुधवारी शाळा, म्हणून आम्ही ते शनिवारी साजरे करू लागलो. थोडे दिवस अनया बसली. मग एकदा उठता उठता म्हणाली, "आई, इट्स फॉर बेबीज." तेही इंग्रजीत! रेखाबाईंनी कॅसेट शेवटपर्यंत पाहिली, एकटीनं. पुढे माझ्यावर इस्त्रीचे कपडे आले आणि त्यानंतर हे बेसमेंट.

इथे मला जिन्यावरून आवाज तेवढे येतात. लिऑनची जुनी शेजारीण सिमोन व्हिडिओ कॉलवर रेखाबाईंना तिथली हकिकत सांगते. आधी म्हणे निवेदिका गेल्या, मग बाहुल्या गेल्या, नुसती कार्टून्स एकामागून एक लागू लागली. मग मुलांसाठी दिवसभर चालणारी वेगळी चॅनेल्स निघाली. आता तर प्रत्येक पोर आपापल्या फोनवर, हवं तेव्हा, हवं ते. बुधवारची वाट कुणी बघत नाही.

या आठवड्यात अनया तिच्या अ‍ॅशबर्नच्या घरून मुलाला घेऊन आली आहे. निहार सात वर्षांचा. रेखाबाई महिनाभर त्याची वाट बघत होत्या. पण निहारच्या कानाला सदा हेडफोन आणि हातात टॅब्लेट. आजीच्या वाट्याला आलं ते एवढंच: "वन मिनिट, आजी!" उद्या शनिवारी तो परत जाणार, आणि जाता जाता अनया मला जुन्या यंत्रांच्या रिसायकलिंगला सोडणार. "आई, तू वापरतेस कुठे तो?" असं ती म्हणाली. खरंच होतं.

आज दुपारी रेखाबाई माझी धूळ पुसायला खाली आल्या. काय वाटलं कुणास ठाऊक, मला भिंतीकडून वळवलं, ट्रान्सफॉर्मर जोडला, जुनी कॅसेट घातली आणि नातवाला हाक मारली. टॅब्लेट चार्जिंगला होता, म्हणून निहार आला.

जाहिराती लागल्या तसं त्यानं विचारलं, "हाऊ डू यू स्किप, आजी?"

"स्किप नाही होत, बाळा. बसायचं."

"जस्ट सिट?"

"हो. इथे, माझ्याजवळ."

तो बसला! मित्रांनो, मी जीव ओतला. एक छोटा कोल्हा पुरात होडी घालत होता. नदीच्या मधोमध होडी कलली, आणि ट्रान्सफॉर्मरमधून भसकन धूर आला.

"अगं बाई!" म्हणत रेखाबाईंनी प्लग ओढला. खोली अंधारली. "संपलं रे," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना. आता पोर उठणार, वर पळणार.

"बट डिड ही मेक इट?" निहारनं विचारलं.

रेखाबाईंना ती गोष्ट पाठच होती. त्या सांगू लागल्या, थोडं मराठी, थोडं फ्रेंच, दोन्ही हात हलवत. निहार सरकत सरकत त्यांना चिकटला. माझ्याकडे दोघांपैकी कुणीही बघत नव्हतं.

खरं सांगू? मला हेवा वाटला. सगळे माझ्यासाठी बसतात, अशा घमेंडीत मी जन्म काढला. ती माणसं एकमेकांसाठी बसत होती, हे आज कळलं, आणि तेही विझल्यावर.

मला वाचवा असं मी म्हणत नाही, मित्रांनो. माझी वेळ झाली. पण तुमच्या घरात कुणी एकटंच काही बघत बसलं असेल, तर दोन घटका जवळ जाऊन बसा. काय चाललंय ते नाही कळलं तरी चालेल.

दोघं आता वर गेलीत. "देन व्हॉट, आजी?" असं निहार जिन्यातून विचारत होता. पुढचं मला ऐकू आलं नाही. जाता जाता त्यांनी बेसमेंटचं दार लावून घेतलं.