बसचं दार

राबिघच्या कॅम्पात शुक्रवारी दुपारी आम्ही पिक्चर बघायचो. मी तिथं वेल्डर. सौदीत तेव्हा थेटर कुठलं, एक फिलिपिनो सीडी द्यायचा. त्या दिवशी दिली ती स्पॅनिश. कव्हरावर बक्षिसांची यादी छापलेली. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती आमचा टाइमकीपर विश्वनाथ मराठीत सांगायचा.

माझ्या शेजारी दौलत. गुहागरचा, परांची बांधणारा. मांडीखाली भरलेली पिशवी. करार संपून वर्ष झालेलं, पासपोर्ट कफीलाकडं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडं. घरी जायच्या कागदावर सही मागितली की कफील म्हणायचा, उद्या. आणि पोरीचं, पिंकीचं लग्न तीन आठवड्यांवर.

चार वाजता कादिर पाण्याचा टँकर घेऊन यायचा होता. तो दौलतला लपवून जेद्दाला नेणार, तिथं दौलत मुद्दाम पोलिसांच्या हाती लागणार, मग सरकारच घरी धाडेल. हे फक्त मला ठाऊक. मला पटत नव्हतं. दापोलीचा सिराजुद्दीन असाच गेला आणि चार महिने आत बसला.

पिक्चरमधला बाप्या होंडुरासचा. अमेरिकेत हॉटेलात भांडी घासतो, गावी आई आजारी.

"याचा कफील कोण?" नागेशनं विचारलं. तो आमचा पाइपफिटर.

"तिकडं कफील नसतो," विश्वनाथ म्हणाला.

"मग पासपोर्ट कुणाकडं?"

"पासपोर्टच नाही त्याला."

"म्हणजे हॉटेलवाल्या म्हातारीनं दाबलाय."

सगळ्या खोलीला ते पटलं. म्हातारी दिसली की शिव्या. ती बिचारी त्याला सूप वाढत होती.

"सूप देते, सही देत नाही," दौलत म्हणाला.

शेवटी बाप्या पिशवी घेऊन रस्त्यावर उभा. बस येते, दार उघडतं. तो बघत राहतो. खलास, नावं सुरू.

"सीडी अडकली," म्हणत नागेशनं ती लुंगीला पुसून परत लावली. परत तेच.

"चढला की नाही?" दौलतनं विचारलं.

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग बक्षीस कसलं दिलं?" नागेश म्हणाला. "अर्धा पिक्चर काढल्याचं?"

मी दाराशी बसलेलो. फटीतून टँकर आलेला दिसला. दौलतचं ध्यान टीव्हीत. मी म्हटलं, "विश्वनाथ, परत लाव. आवाज वाढव, दार लागल्याचं ऐकू येतं का बघू."

बसचं इंजिन खोलीभर घुमलं. बाहेर कादिरनं दोनदा हॉर्न दिला. मी ऐकला. दौलत पुढं वाकून त्या बाप्याचे पाय बघत होता.

दौलत बाहेर धावला तेव्हा टँकरच्या जागी ओली माती होती, बाकी काही नाही. कादिरची ड्यूटी दुसऱ्या दिवशीच पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, रास तनुराला लागली.

सही काही आली नाही. लग्नाच्या दिवशी मांडवात कुणीतरी मोबाईल धरला, इकडं आम्ही दौलतचा. मेसचा तांदूळ हळदीत घोळला होता. मंगलाष्टकं संपली तसं दौलतनं अक्षता मोबाईलवर टाकल्या. मीही टाकल्या.

मग तो खाली बसून पलंगाखालचे दाणे वेचायला लागला. म्हणाला, "नाही चढला रे तो."

मी झाडू आणायला गेलो. त्या हॉर्नचं अजून सांगितलं नाही त्याला.