सरपंचांचं वर्तुळ

शुभांगीने माउसने कोपरा धरून स्क्रीनवरच्या फ्लेक्समधलं वर्तुळ ओढलं. त्यातला दादासाहेबांचा चेहरा फुगत गेला आणि कड आमदारांच्या कानाला टेकली.

"आजून मोठं," तिच्या खुर्चीमागे उभे असलेले दादासाहेब म्हणाले.

"आमदारसाहेबांवर चढतंय."

"मग उजवीकडं सरकव."

उजवीकडे नळपाणी योजनेच्या उद्घाटनाचा मजकूर होता. तोही झाकला गेला.

योजना मंजूर करून आणणाऱ्या सरपंच तानूबाई, दादासाहेबांच्या पत्नी, भिंतीजवळच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. फ्लेक्सवर त्यांचा फोटो खालच्या कोपऱ्यात, बटणाएवढा होता. शेजारी तीन सदस्यांची वर्तुळं. निवडून आल्या होत्या बायका; फोटो नवऱ्यांचे होते.

"सरपंच मधे घेऊ का?" शुभांगीने विचारलं.

"हिला? ऱ्हाऊ दे कोपऱ्यात. कारभार आमीच बघतो. माजंच वर-खाली वाढीव, तितं जागा हाय की."

वर्तुळ एकाच दिशेने वाढत नाही, हे शुभांगीने आधी सांगून पाहिलं होतं. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीचं म्हणणं दादासाहेबांनी हसण्यावारी नेलं होतं. आता तिने कोपरा सोडून वरचा मधला ठिपका धरला आणि सरळ वर ओढला.

वर्तुळाचा उभा लंबगोल झाला.

पौडच्या या फ्लेक्सच्या दुकानातून लंबगोल चौकट एकाच प्रकारच्या बोर्डावर जायची. तिच्याभोवती हार असायचा आणि खाली दशक्रिया विधीची वेळ.

"ए बाई!" दादासाहेब मागे सरकले. "जित्या मानसाला हार घालतीस व्हय? गोल कर आदी!"

तानूबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"गोल हवा तर लहान होईल."

"लहान तर लहान!"

शुभांगीने वर्तुळ लहान करून कडेला नेलं. दादासाहेबांनी ते दोनदा निरखलं, गोल असल्याची खात्री केली आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेले.

फ्लेक्सचा मध्य रिकामा झाला होता. तानूबाईंनी स्टूल पुढे ओढलं.

"हितं मी," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून मोबाइल काढला. "आन शेजारी ह्या."

सगुणाबाई, रत्नाबाई, अपेक्षा. तिघी सदस्य ग्रामपंचायतीच्या पांढऱ्या भिंतीपुढे ताठ उभ्या होत्या. फोटो कालचे होते.

शुभांगीने खालच्या तीन पुरुषांकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

"काड. घरीच असत्यात, येतील बोर्ड बगाया."

"दादासाहेब परत मोठं करा म्हणाले तर?"

तानूबाईंनी काचेच्या दाराबाहेर पाहिलं. दादासाहेब हातवारे करत फोनवर बोलत होते.

"मग उभं वाढीव," त्या म्हणाल्या.

आकार गोलच राहावा म्हणून शुभांगीने कंट्रोलची कळ दाबून धरली आणि मधोमध पहिलं वर्तुळ काढायला घेतलं.