बुधवारचं पाणी

नगरच्या सावेडीत बंगला झाला म्हणजे माणसाचं कल्याण झालं, असं गावाकडच्यांना वाटतं. वाटू द्या. त्यांना इथलं बोअरचं पाणी कुठं वापरावं लागतं! अजिनाथच्या घरात पाणी इतकं जड, की नळाच्या तोट्यांवर पांढरे थर चढलेले, गीझरची कॉइल वर्षात दोनदा गेलेली, आणि तुरीची डाळ सहा शिट्ट्या दिल्या तरी शिजायचं नाव घेत नव्हती. त्याची बायको सुकन्या, तिच्या केसांचा तर पार झाडू झाला होता. शेवटी पाडव्याचा मुहूर्त धरून अजिनाथनं जड पाणी हलकं करणारा सॉफ्टनर बसवून घेतला.

मागच्या बाजूला, गच्चीच्या जिन्याखाली, माणसाएवढी निळी टाकी उभी राहिली आणि तिच्या शेजारी मिठाची बुटकी टाकी. बसवायला आलेला मिस्त्री भागवत जाताना म्हणाला, "वहिनी, मशीनची निगा तुमच्या हातात. आठवड्याला धुतलं नाही तर पुन्हा पहिले पाढे." अजिनाथ सकाळी एमआयडीसीत जायचा तो दिवेलागणीला यायचा, म्हणजे मशीन आलं सुकन्याच्याच गळ्यात. तिनं बुधवार धरला. टाकीवरचा दांडा फिरवायचा, आधी उलटं पाणी सोडून आतला गाळ काढायचा, मग बुटक्या टाकीतलं मिठाचं पाणी आत ओढू द्यायचं, मग बराच वेळ साधं पाणी सोडून सगळं खळाळून घ्यायचं. शेवटी नळाचं थोडं पाणी बाटलीत धरून त्यात औषधाचे थेंब टाकायचे. निळं दिसलं तर काम झालं, गुलाबी दिसलं तर पुन्हा श्रीगणेशा. एवढ्या खटाटोपात दीड-दोनशे लिटर पाणी पाइपातून गटारीत जायचं.

आणि तेच सुकन्याच्या सासूला, बायडाबाईला, बघवेना.

बायडाबाई पाथर्डीकडची. उभा जन्म टँकरमागं हंडा घेऊन पळण्यात आणि ऊसतोडीच्या फडावर गेलेला. त्या बाईसमोर नितळ दिसणारं पाणी धो धो गटारीत जातंय म्हटल्यावर काय होणार? पहिल्याच बुधवारी ती कंबरेवर हात देऊन पाइपापाशी येऊन उभी राहिली.

"अगं, ह्ये समदं गटारीत? माज आलाय व्हय तुमाला?"

"आत्या, मशीन धुतलेलं पाणी आहे ते. काय करायचंय त्याचं?"

"काय करायचं म्हंजी? झाड हाय की दारात!"

झाड म्हणजे साधंसुधं झाड नव्हे. बायडाबाईचे मालक, काकासाहेब, दोन वर्षांपूर्वी वारले. हल्ली पुष्कळ घरांत राख नदीत सोडत नाहीत, खड्ड्यात घालून वर झाड लावतात. तसंच ठरलं. काकासाहेबांचा धाकटा भाऊ बजरंग म्हणत होता, झाड मळ्यात लावू, त्यांचा जीव तिथं होता. बायडाबाई हट्टाला पेटली. "मळ्यात पानी कुठाय? अजिनाथच्या दारात लावा. म्या हाय तिथं. म्या घालीन पानी." मग अजिनाथनं राहुरीहून केशर आंब्याचं कलम आणलं, फाटकाजवळ खड्डा घेतला, आणि वडिलांची राख त्यात गेली. घरातलं कुणी त्याला आंबा म्हणत नसे. सुकन्या म्हणायची, मामांचं झाड.

मालक गेल्यापासून बायडाबाईचं जेवण तुटलं होतं. अर्धी भाकरी कुस्करायची, ताटात फिरवायची आणि हात धुवायचा. झाडाला तांब्याभर पाणी घालायची, की पुन्हा दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. डॉक्टर झाले, टॉनिक झालं, पालथ्या घड्यावर पाणी. ती उठली ती ह्या बुधवारच्या पाण्यानं. मंगळवारीच बादल्या घासून ठेवायची. तिची कंबर गेलेली, भरली बादली उचलवायची नाही, म्हणून बादली फाटकापर्यंत सुकन्यानं न्यायची आणि तिथून पुढं तांब्यातांब्यानं बायडाबाईनं घालायची. घालताना तोंड चालू. ज्वारी किती झाली, बजरंग भावजींचा बैल कसा गेला, समोरची नवी सून कशी आखूड झगा घालून हिंडते, सगळ्या खबरी झाडाला. आणि आत येऊन दीड भाकरी खायची. सुकन्याचा जीव भांड्यात पडला. सहा-सात महिने घरात कसं बरं चाललं होतं!

दिवाळीच्या आधी भागवत मशीन तपासायला आला. जाताना फाटकाशी थबकला. आंब्याच्या पानांची टोकं जळाल्यासारखी तांबूस झाली होती.

"वहिनी, ह्याला मशीनचं पाणी घालता की काय?"

"हो. वाया जातं ना."

भागवतनं कपाळाला हात लावला. "अहो, टाकीत टाकलेलं मीठ जातं कुठं? सगळं त्याच पाण्यात येतं. माती मिठावते. आंबा तर लई नाजूक. बंद करा आजपासून. मातीवर टँकरचं गोडं पाणी भरपूर सोडा, अजून वाचेल."

अजून वाचेल. हा शब्द सुकन्यानं नीट ऐकला होता, हे लक्षात ठेवा. पुढं तिला स्वतःलाही तो विसरता आला नाही.

त्याच संध्याकाळी सांगायचं, असं तिनं ठरवलं. पण त्या संध्याकाळी बायडाबाई करंज्या करायला बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा! पिठाचे हात वर करून हसत म्हणाली, "सुकन्या, झाडाला म्या सांगून आले, दिवाळीला तुमच्या आवडीच्या करंज्या करतीय म्हून." आता ह्या बाईला काय सांगायचं? की तुम्ही आपल्या हातानं त्यांच्या मुळाशी मीठ ओतताय? सण होऊन जाऊ दे, सुकन्या मनात म्हणाली.

सण झाला. मग बुधवार आला. तिनं सासू झोपल्यावर दुपारीच मशीन धुवायला घेतलं, तर पाइपाचा आवाज ऐकून बायडाबाई धडपडत बाहेर. "मला उठवायचं न्हाई व्हय?" पुढच्या बुधवारी सुकन्या म्हणाली, पहिल्या बादल्या घाण असतात, ओतून देऊ. "घान कसली? नितळ तर हाय." टँकर मागवू का, असं एकदा अजिनाथला विचारलं, तो म्हणाला, बोअरला पाणी असताना टँकर कशाला? कशाला, ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. आज नको, उद्या. हा बुधवार जाऊ दे, पुढच्या बुधवारी. सुकन्या काही दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर एका झटक्यात सांगून मोकळी झाली असती. मऊ माणसांचं हेच वाईट असतं बघा. समोरच्याचं मन मोडायला नको म्हणून गप्प बसतात आणि नंतर त्याचं सगळंच मोडून ठेवतात. बादली भरायची, उचलायची, फाटकाशी नेऊन ठेवायची, असं चालू राहिलं.

संक्रांतीला पानं गळायला लागली. अजिनाथनं खत घातलं, वाळवीचं औषध घातलं, राहुरीच्या ओळखीच्या माणसाला फोटो पाठवले. तो म्हणाला, पाणी कुठलं देता? अजिनाथनं सुकन्याकडं बघितलं.

"बोअरचंच," ती म्हणाली.

आता तर सासूलाच नव्हे, नवऱ्यालाही सांगायचं राहिलं होतं. एक लपवलं की त्यावर दुसरं ठेवावं लागतं. माघ सरताना झाडावर एक पान राहिलं नाही. फांदी वाकवली की काडकन मोडायची.

त्याच दिवसांत बजरंग दवाखान्याच्या कामाला नगरला आला होता. फाटकातून आत येता येताच तो म्हणाला, "म्या तवाच म्हनलं हुतं, वैनी. दादाचं मन मळ्यात. हितं कसा जगंल त्यो?" चहा पिऊन तो गेला. बायडाबाईनं रात्री ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही सरकवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सुकन्या दुधाचा पेला घेऊन तिच्या खोलीत गेली, तर ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून.

"आत्या, घोटभर तरी घ्या."

"त्ये रुसलेत," बायडाबाई भिंतीलाच म्हणाली.

"कोण?"

"अजिनाथचा बाप." ती वळली. डोळे कोरडे होते, आणि त्याचंच सुकन्याला भय वाटलं. "तुला म्हाईत न्हाई. कुनालाच म्हाईत न्हाई. दवाखान्यात शेवटच्या दिशी पानी पानी करीत हुते. किडन्या गेलेल्या, डाक्टर म्हनला, पानी दिऊ नका, अंगात भरतंय. म्या न्हाई दिलं. व्हटाला वला कापूस लावला निस्ता. माझा हात धरून म्हनले, बायडे, घोटभर दे गं. म्या त्वांड फिरवलं. पहाटं गेले. तहानलेले गेले, सुकन्या. म्हून म्या झाड हितं आनलं. म्हनलं, रोज पाजीन, जलमभर पाजीन. पर आता माझ्या हातचं पानी घ्येईनात. कसं घ्येतील? मागितलं तवा म्या दिलं न्हाई."

सुकन्यानं हातातला पेला खाली ठेवला. एवढे महिने जपून ठेवलेली गप्प बसायची सगळी कारणं त्या एका क्षणात फोल झाली. म्हातारीला वाचवायला म्हणून जे लपवलं, त्यापेक्षा कितीतरी वाईट ती स्वतःशी मानून बसली होती. हे असं तर हिला मरू देता येत नाही, एवढंच तिला कळलं.

"आत्या, मामा रुसले नाहीत. तुमच्या हाताचाही दोष नाही. पाणी खारं होतं."

"आं?"

"मशीनचं. त्यात आपण मीठ टाकतो ना, ते धुताना त्याच पाण्यातून बाहेर पडतं. त्यानं झाड जळलं. कुणाचंही झाड जळलं असतं."

बायडाबाई उठून बसली. पदर सावरला. तिच्या तोंडावरचा ताण हळूहळू सैल होत गेला.

"म्हंजी रुसलं न्हाईत?"

"नाही, आत्या."

"आईच्यान?"

"आईच्यान."

"आगं बया..." म्हातारीनं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ढसाढसा रडली. सुकन्याही रडली, तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. वाटलं, सुटलो. आधीच सांगितलं असतं तर!

रडणं ओसरलं. बायडाबाईनं पदरानं नाक पुसलं, आणि तिच्या मनात आलं ते साधंच होतं. त्यात राग नव्हता, नुसती विचारपूस होती.

"तुला कुनी सांगितलं ह्ये?"

"भागवतनं. मशीनवाल्यानं."

"कवा?"

ह्या वेळी खोटं बोलणं सोपं होतं. काल म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण सुकन्याला आता खोट्याचा कंटाळा आला होता, अगदी हाडापर्यंत.

"दिवाळीच्या आधी," ती म्हणाली.

बायडाबाई बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिली. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. एका हाताची पेरं सरली, दुसऱ्या हातावर गेली.

"सतरा बुधवार," ती म्हणाली. "सतरा बुधवार तू ठावं असून बादली उचलून देत हुतीस."

"आत्या, तुम्ही जेवायला लागला होता. मला वाटलं..."

"तहानलेल्या मानसाला पाजलं तू ह्ये. माझ्या हातनं पाजलं."

आवाज चढला नव्हता. चढला असता, शिव्या दिल्या असत्या, केस धरले असते, तर सुकन्यानं आनंदानं सोसलं असतं.

रविवारी सकाळी बायडाबाई अजिनाथला म्हणाली, मला नेवाशाला ने, प्रवरासंगमावर. फाटकाजवळ बसून तिनं खुरप्यानं माती उकरली, कोपरभर खोल, आणि एका धुतलेल्या पांढऱ्या धडप्यात बांधली. राख कुठली आणि माती कुठली, दोन वर्षांनी कोण सांगणार? मिळेल ती बांधली. अजिनाथला एव्हाना सगळं कळलं होतं. सुकन्यानंच सांगितलं होतं. तो तिच्याशी वाईट बोलला नाही. तिच्याकडं न बघता गाडी काढायला गेला.

गाठोडं जड झालं होतं. म्हातारीला ते घेऊन उठवेना. एक हात जमिनीला टेकून ती कशीबशी गुडघ्यावर आली, तशी सवयीनं सुकन्या पुढं झाली आणि तिनं गाठोड्याखाली हात घातला.

बायडाबाईनं ते छातीशी ओढून घेतलं.

"सोड," ती म्हणाली. "ह्यांना आता तुझा हात नगं लागाया."